जुन्या जिप्सीचं नाक उचलण्याआधी ती किती बसली आहे ते मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चिपळूणची २००४ सालची मारुती जिप्सी किंग, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लावल्यापासून नाक खाली गेलंय. खड्ड्यात पुढचा हौसिंग (दोन चाकांमधला आडवा आस) रबरी स्टॉपवर आदळतो. त्यात आता २१५/७५ आर १५ मापाचे टायर घालायचे आहेत. दुकानदाराने दोन इंच जास्त लांबीचे शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, एक टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) दाखवले आणि सांगितलं, फक्त पुढे लावा, दोन तासांचं काम आहे, गाडी उचलली जाईल. लावू का?

माझं उत्तर आधी सांगतो आणि मग कारण. शॅकल घेतले नसतील तर घेऊ नका, घेतले असतील तर परत करा. गेली बावीस वर्षं मी कोल्हापूरजवळ जुन्या जीप आणि जिप्सींचंच काम करतोय. पुढचे लांब शॅकल लावून आलेल्या जितक्या गाड्या मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांना उंचीची गरजच नव्हती. त्यांची गाडी खाली बसली होती, आणि बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणं हे लिफ्टपेक्षा वेगळं काम आहे.

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र झाल्यात. नाक खाली आहे, हौसिंग आदळतो, आणि मोठा टायर घासेल अशी भीती आहे. पहिल्या दोन तक्रारी पाट्यांच्या आहेत. तिसरी मडगार्डमधल्या जागेची आहे. तिन्हीवर एकच इलाज केला की तो एकीलाही नीट लागू पडत नाही.

म्हणून आधी टेप घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करा, चारी टायरमध्ये हवा नेहमीइतकी, टाकी अर्धी, आत सामान नको. पुढचा बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा, म्हणजे गंजलेले पाटे अडकून राहिले असतील तर आपल्या जागी येतील. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, चारी चाकांचं. पुढे हौसिंग आणि बंपस्टॉपच्या रबरामध्ये किती अंतर आहे तेही मोजा. शॅकल कोणत्या बाजूला किती कलला आहे त्याचा बाजूने फोटो काढा. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि मागचं टोक चासीला पक्कं असतं. पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि शॅकलचं खालचं टोक पुढे ढकललं जातं. तो खूप पुढे झुकलेला दिसला तर पाटा बसला हे तिथेच कळतं.

माझ्याकडे येणाऱ्या वीस वर्षं जुन्या जिप्सींमध्ये पाट्याची कमान इंच-दीड इंच बसलेली असणं रोजचं आहे. उजवी बाजू बहुधा जास्त, कारण चालक तिकडे बसतो. कोकणातल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. पानांच्या मध्ये गंज चढून पानं एकमेकांवर सरकतच नाहीत. पाटा म्हणजे अनेक पानं एकमेकांवर घसरत वाकणारी वस्तू आहे. ती घसरण बंद झाली की बसलेला पाटासुद्धा दगडासारखा लागतो. मालक म्हणतो, "पाटे कडक आहेत", आणि त्याच वेळी गाडी स्टॉपवर आदळत असते. दोन्ही खरं असतं.

आता विंचचं वजन. बंपर आणि विंच मिळून ६० किलो धरू आणि तो भार पुढच्या हौसिंगच्या ६० सेंटिमीटर पुढे लटकतोय असं मानू. जिप्सीच्या दोन्ही हौसिंगमधलं अंतर २३७५ मिलिमीटर. तरफेच्या न्यायाने पुढच्या हौसिंगवर ६० नव्हे, ७५ किलो वाढतात आणि मागचा हौसिंग १५ किलोंनी हलका होतो. म्हणजे पुढचं बसतं आणि मागचं वर येतं, डोळ्याला झुकाव आणखी जास्त दिसतो. साधारण हजार किलोंच्या गाडीला हे थोडं नाही. विंचला लोखंडी तार असेल तर ती काढून सिंथेटिक दोर लावा. सहा-सात किलो तरी त्या सर्वांत वाईट जागेवरून कमी होतील. आणि बंपर जाड पाइपचा, शोभेचा असेल तर तो खरंच हवा आहे का याचा विचार करा. पाट्यांना हात लावण्याआधीचं हे सर्वांत स्वस्त काम आहे.

आता शॅकलचं गणित, कारण तुमचा प्रश्न मुळात तोच आहे.

दोन इंच लांब शॅकल लावला की गाडी दोन इंच उचलत नाही, साधारण एक इंच उचलते. पाट्याचं एकच टोक खाली गेलेलं असतं आणि हौसिंग मधोमध असतो. इतकंच असतं तर मी काही बोललो नसतो. पण एक टोक खाली गेलं म्हणजे अख्खा पाटा पुढे तिरका झाला, आणि त्याच्यावर बसलेला हौसिंगही पुढे वळला. पाट्याच्या दोन डोळ्यांमध्ये (टोकांच्या कड्यांमध्ये) समजा ९० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढचं टोक ५ सेंटिमीटर खाली गेलं, तर हौसिंग सुमारे ३.२ अंश पुढे वळतो. नाक इंचभर उचलल्यामुळे चासी ०.६ अंश मागे कलते, तेवढी भरपाई होते. बाकी २.६ अंशांचं नुकसान.

नुकसान कशाचं? कॅस्टरचं. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. गाडीत किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचा) वरचा भाग तसाच थोडा मागे कललेला असतो, म्हणून वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. जिप्सीत हा कोन मुळात साडेतीन अंशांच्या आसपास आहे. त्यातून २.६ गेले की उरतो एक अंशही नाही. मग गाडी रस्त्यावर भटकायला लागते, मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने बाजूला जाते, वळणानंतर स्टेअरिंग हाताने परत आणावं लागतं. डोळ्यांच्या अंतराचं माप तुमच्या गाडीवर घेऊन हेच गणित पुन्हा करा. आकडा थोडा बदलेल, निष्कर्ष बदलणार नाही.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या स्वतःच्या जिप्सीला मी असेच लांब शॅकल लावले होते, स्थानिक कारखान्यातून कापून घेतलेले, दोन पट्ट्यांमध्ये आडवा जोडही नव्हता. अणुस्कुरा घाट उतरून पाचलच्या पुढे एका पुलाच्या जोडावर, ताशी पन्नासच्या वेगाला, पुढची दोन्ही चाकं अशी थरथरली की स्टेअरिंग हातात राहीना. वेग अगदी चालण्याइतका आला तेव्हा ते थांबलं. शेजारी माझे वडील बसले होते. घरी येऊन उघडलं तर किंगपिनचे बेअरिंग सैल. ते आधीपासूनच सैल असणार, पण मूळ कॅस्टरने तो दोष झाकून ठेवला होता. कॅस्टर गेला आणि झाकण उडालं. त्या दिवसानंतर पुढच्या हौसिंगला लांब शॅकल मी कुणालाही बसवून दिलेले नाहीत.

म्हणून तुमच्या गाडीवर उंचीचं कुठलंही काम करण्याआधी नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) तपासा. पुढचं चाक अधांतरी करा, वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही खेळ राहिला तर तो व्हील बेअरिंगचा नाही, किंगपिनचा आहे. टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) सोडून स्प्रिंग काट्याने नकल ओढून बघायची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. शिम (पातळ चकत्या) काढून किंवा घालून ताण त्या मापात आणा. स्टेअरिंग डँपर नवा टाकून थरथर दाबणारे बरेच आहेत. तसं करू नका. डँपर दोष बरा करत नाही, फक्त ऐकू येऊ देत नाही.

मग करायचं काय? पाटे उतरवा आणि उघडा. इथून पुढे तुमची गाडी कशी आहे त्यावर अवलंबून आहे.

पानं जाड आहेत, गंज वरवरचा आहे, एकही तडा नाही, टोकांना खोल चर पडलेले नाहीत, तर पानं साफ करून कमान भरून घेता येते. पण कमान कशी भरली जाते ते उभं राहून बघा. थंड पानावर घण मारून आणलेली कमान लवकर परत बसते. भट्टीत पान एकसारखं तापवून, कमान देऊन, तेलात विझवून, पुन्हा बेताच्या उष्णतेवर पाणी उतरवलं तर ती टिकते. गॅसच्या बत्तीने मध्येच लाल करून वाकवणारा कारागीर असेल तर पाटे उचलून घरी या. त्या जागी पोलादाचं पाणी मेलेलं असतं आणि पान तिथेच मोडतं. मेन पानाच्या डोळ्याजवळ मोडलं तर हौसिंग जागेवरून सरकतो, आणि ते घाटात झालं तर काय होईल ते सांगायला नको.

पानं खाऊन पातळ झाली असतील तर नवे पाटे. यात मी काटकसर करू देत नाही. चिपळूणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत वीस वर्षं काढलेल्या गाडीत बहुतेकदा हाच निर्णय होतो.

एक जादा पान घालण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. चार पानांच्या पाट्यात त्याच जाडीचं पाचवं घातलं तर पाटा साधारण पाव भागाने कडक होतो. रिकाम्या जिप्सीला ते सोसत नाही, पाठीचे मणके मोजता येतात. पण तुमचा विंच कायमचा असेल तर तेवढा कडकपणा योग्य आहे, कारण भार कायम आहे. जंगलात महिन्यातून एकदा जाणार आणि बाकी वेळ विंच काढून ठेवणार असाल तर जादा पान नको. हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

उंची किती ठेवायची? आधी मूळ उंची. ती परत मिळाली की ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन, ब्रेक होजची लांबी, प्रोपेलर शाफ्टचा (हौसिंगला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन, सगळं आपोआप कारखान्याच्या जागी येतं. वेगळं काही बदलावं लागत नाही. बसलेली गाडी दीड इंच वर आली तर तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी तिथेच संपतात. त्याच्याही वर उचलायचं असेल तर कमानीतूनच एक इंच, आणि तोही पुढे-मागे दोन्हीकडे. कमानीतून उचललं की पाट्याची दोन्ही टोकं सारखीच खाली जातात, हौसिंग वळत नाही आणि कॅस्टर शाबूत राहतो. लांब शॅकल आणि भरलेली कमान यातला खरा फरक हाच.

कमान फार भरली तर मात्र वेगळी अडचण येते. पाट्याचे डोळे जवळ येतात आणि शॅकल उभा होतो किंवा उलटा मागे झुकतो. मग खड्डा आला की पाट्याला पसरायला वाट मिळत नाही, गाडी उडते. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॅकलचं खालचं टोक थोडं पुढे असलंच पाहिजे.

एक इंचाच्या वर जाताना काय काय बघावं लागतं ते सांगतो, म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. चासीखाली पक्के स्टँड लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा हात त्यात गेलाय. शॉक काढून हौसिंग पूर्ण लटकू द्या आणि शॉकच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. मग जॅकने हौसिंग बंपस्टॉपला टेकवून पुन्हा मोजा. शॉक पहिल्या मापापेक्षा थोडा जास्त लांब उघडायला हवा आणि दुसऱ्यापेक्षा आखूड मिटायला हवा. लटकलेल्या अवस्थेत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि ब्रेकची होज ताणते का बघा. ताणत असेल तर लांब होज टाकल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. प्रोपेलर शाफ्टचे दात आतमध्ये पुरेसे गुंतलेले राहतात का आणि क्रॉस कुठे अडकतो का, हेही त्याच वेळी हाताने फिरवून कळतं. डिफरन्शियलचा श्वासनळीचा पाइप मी तेव्हाच बदलून लांब करतो. नदी ओलांडणाऱ्या गाडीत तो फाटका असला की तेलात पाणी शिरतं.

ड्रॅग लिंक तिरकी होईल तसा खड्ड्यात स्टेअरिंगला झटका बसतो. एका इंचापर्यंत तो जाणवण्याइतका नसतो. सरळ जाताना स्टेअरिंग तिरकं दिसलं तर ड्रॅग लिंकवरच जुळवा, स्टेअरिंग उपटून फिरवून लावू नका. बॉक्सचा मध्य चुकतो.

कुणी आधीच शॅकल लावून बसलेलं असेल आणि ते काढायचेच नसतील, तर हौसिंग आणि पाट्यामध्ये पोलादी पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो. जिप्सीत हौसिंग पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. सेंटर बोल्ट तेवढा लांब हवा. पण पाचरीने हौसिंग मागे वळतो तेव्हा पिनियन (हौसिंगचं शाफ्टला जोडलेलं टोक) खाली झुकतो आणि शाफ्टचा कोन बिघडतो. तुमच्या गाडीला फ्रीव्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील आणि पुढचा शाफ्ट रोज फिरत नसेल तर हे चालून जातं. हब पक्के असतील तर शाफ्ट सतत फिरतो, आणि साठच्या पुढे घूं घूं सुरू होते. पाचर हा तोडगा आहे, मी तो पहिला पर्याय म्हणून देत नाही.

बांधताना दोनच गोष्टींचा हट्ट धरा. यू बोल्ट (पाटा हौसिंगला बांधणारे) नवे. जुने ताणलेले असतात, पुन्हा आवळले की ताण धरत नाहीत. आणि शॅकलचे व पक्क्या टोकाचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा हलवल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या गाडीत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं, उंची खोटी दिसते आणि बुश काही महिन्यांत फाटतं. शंभर किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे. मग अलाइनमेंट, आणि हेडलाइट खाली करायला विसरू नका. नाक वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

आता टायर. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर, २१५/७५ चा सुमारे ७०४. म्हणजे हौसिंग जमिनीपासून १८ मिलिमीटर वर येईल. पाट्यांची लिफ्ट कितीही केली तरी हौसिंग आणि डिफरन्शियल आहे तिथेच राहतात, चासी तेवढी वर जाते. दगडावर डिफरन्शियल घासत असेल तर त्याला फक्त टायर उपयोगी. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल, काटा साठवर असेल तेव्हा गाडी त्रेसष्टने चालली असेल. पुरेशी जागा आहे का हे विचारून कळत नाही, कारण रिमचं ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) वेगळं असतं. मूळ उंची परत मिळवा, एक पुढचं चाक दगडावर चढवा, स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. माझ्या अनुभवात मूळ उंचीवरच्या जिप्सीत हा टायर मूळ रिमवर बसतो, क्वचित मडगार्डची आतली कड जराशी वाकवावी लागते.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं उलटली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग आहे. नवे पाटे टाकून मूळ उंची परत आणणं ही दुरुस्ती आहे. त्यापुढे केलेलं प्रत्येक काम अपघाताच्या वेळी विमा कंपनी बारकाईने बघेल, हे डोक्यात ठेवून ठरवा.

तर मापं घेऊन कळवा: चारी चाकांचं मडगार्डपर्यंतचं अंतर, दोन्ही बंपस्टॉपचं अंतर, शॅकलचा फोटो, आणि हब कोणते आहेत ते. पुढच्या उजव्या-डाव्या बाजूत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर पाटे उतरवण्याआधी एक करा. पाट्याचं मागचं पक्कं टोक चासीला जिथे जोडलेलं आहे तिथला चिखल धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, टॉर्च लावून बघा आणि छोट्या हातोडीने ठोका. कोकणातल्या दोन गाड्या माझ्याकडे "पाटा बसलाय" म्हणून आल्या आणि खरं तर तिथली चासी आतून कुजून वाकली होती. आवाज ठणठणीत आला तर पाट्यांचं काम सुरू करा. भद्द आला तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा.